काजळीवरचा रंग

स्वयंपाकघर जळालं, त्यानंतर कितीतरी महिने मी त्या भिंतीला हात लावला नाही. उखडलेलं दार बसवून त्याला बाहेरून कडी घातली आणि पडवीत चूल मांडली. गॅस तेव्हा पुन्हा घेतला नाही. माझी आई चुलीवर भाकरी टाकायची, मी ड्युटीवरून आलो की तिच्या शेजारी बसून खायचो. ती खोली आमच्या पाठीमागेच असायची. आम्ही दोघंही तिच्याबद्दल बोलत नव्हतो.

मी एसटीत ड्रायव्हर आहे. घर मेडशीला, डेपो वाशीमचा. घराच्या पुढच्या दोन खोल्या माझ्या वडिलांनी बांधल्या, त्यांना गिलावा आहे. मागची खोली म्हणजे स्वयंपाकघर. ते मी आणि माझ्या बायकोनं लग्नानंतर काही वर्षांनी चढवलं. विटा तिनं निवडल्या. भट्टीवर ती माझ्यासोबत आली आणि दोन दोन विटा उचलून एकमेकींवर वाजवू लागली. खण्ण वाजली की ठेवायची, भद्द वाजली की बाजूला टाकायची. भट्टीवाला म्हणाला, “बाई, अशा निवडत बसल्या तर घर पोरीच्या लग्नाले होईल.” ती हसली, पण हातातलं काम काही थांबवलं नाही.

भिंती उभ्या राहिल्या तेव्हा गवंड्यानं विचारलं, गिलावा कधी करायचा. ती म्हणाली, “करायचाच नाई. माहेरी मातीच्या भिंती लिंपू लिंपू माहे हात गेले. आता विटा आल्या त दिसू द्या.” गवंड्यानं विटांमधल्या फटी सिमेंटनं नीट भरून दिल्या, आणि ती भिंत तशीच राहिली. लाल, उघडी. घरी येणाऱ्याला ती आधी चहा द्यायची आणि मग भिंत दाखवायची.

त्या दिवशी मी वाशीमहून कारंज्याची गाडी घेऊन निघालो होतो. पहिली गाडी, अजून नीट उजाडलं नव्हतं. मंगरूळपीरच्या स्टँडवर कंडक्टरला फोन आला. मी गाडीतूनच बघत होतो, तो खाली उतरला, दूर गेला, फोन कानाला लावून नुसता उभा राहिला. परत आला तेव्हा मी विचारलं, “काय झालं?” तो म्हणाला, “काही नाही, घरचा होता. चला.” त्यानं घंटी दिली. कारंज्यापर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. स्टँडवर गाडी लावली, लोक उतरले, मी चावी काढली, तेव्हा तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि माझा हात धरून म्हणाला, “वहिनी भाजली. अकोल्याले नेलं. पोरीच्याही हाताले लागलं.”

मी पुढे कित्येकदा विचार केला, की त्यानं मंगरूळपीरलाच सांगायला हवं होतं का. गाडी भरलेली होती. शाळेची पोरं होती, बाजाराला निघालेली म्हातारी माणसं होती. त्यानं ते सगळं ओझं एकट्यानं कारंज्यापर्यंत वाहिलं. मी त्याला कधी काही बोललो नाही. तोही त्यानंतर माझ्यासोबत ड्युटी टाळतो.

गॅसची नळी उंदरानं कुरतडली होती. खालच्या बाजूनं, जिथं दिसत नाही तिथं. पहाटेपासून वायू खोलीत भरत राहिला असणार. बायकोला वास आला म्हणून ती उठली, आत गेली. आई परसातल्या न्हाणीत होती. पोरगी पुढच्या खोलीत झोपलेली. एकदम भडका झाला. पत्रे उडाले नाहीत, पण दार उखडलं. आई ओल्या अंगानं धावत आली तेव्हा पोरगी आपल्या आईला उंबऱ्यातून बाहेर ओढत होती.

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात मी पोहोचलो तेव्हा बायकोच्या डोक्यावर केस नव्हते. ती शुद्धीवर होती. आवाज बारीक झाला होता, पण बोलत होती. जबाब घ्यायला साहेब आले. आम्हा सगळ्यांना वॉर्डच्या बाहेर काढलं. सासरची माणसं जवळ असताना बाई खरं बोलणार नाही, म्हणून तसा नियमच असतो. मी जिन्यात उभा राहिलो. तिचा भाऊ, माझा साळा, आमच्याच तालुक्यातल्या शिरपूरहून आला होता. तोही जिन्यात होता, पण दुसऱ्या टोकाला. आमच्या दोघांच्या मधे माझी आई पायरीवर बसली होती, आणि तो तिच्याकडे एकटक बघत होता.

जबाबात तिनं सांगितलं, की चहा ठेवायला मी काडी ओढली आणि भडका झाला. कोणाचा दोष नाही.

काही दिवसांनी ती गेली. पोलिसांनी अपघात म्हणून प्रकरण बंद केलं. विहारात वंदना झाली, माणसं आली, गेली. सगळे गेल्यावर साळा माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“भाऊजी, एक इचारू?”

“इचार.”

“माही बहीण लहानपनापासून जाळाले भ्यायची. दिवाळीत टिकली फोडायचीबी हिंमत नव्हती तिची. खोलीत वास मारून राह्यला असतानी थे काडी ओढन?”

हाच प्रश्न मलाही पडला होता.

“थे खोटं बोलली,” तो म्हणाला. “पोरीचा बाप तुरुंगात जाऊ नये, आजी तुरुंगात जाऊ नये, म्हणून खोटं बोलली. तुमी त गाडीवर व्हते. मंग घरात कोण व्हतं?”

घरात माझी आई होती. सासू-सुनेचं पटत नव्हतं, ही गोष्ट गल्लीत कोणाला माहीत नव्हती? भाजीत मीठ किती, इथपासून ते पोरीला वेणी कोणी घालायची, इथपर्यंत भांडण. पण भांडण झाल्यावर आई तिच्यासाठी ताटात भाकरी झाकून ठेवायची, हे गल्लीला माहीत नव्हतं. मी एवढंच म्हणालो, “माह्या मायनं काई केलं नाई.” तो म्हणाला, “तुमी नव्हते न तिथं.”

तो पोरीला शिरपूरला घेऊन गेला. दवाखान्यातून सुटल्यावर तिचा हात बरा झाला तो मामाच्याच घरी. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी ओढल्यासारखी झाली, हात पुरता सरळ होत नसे. मी विरोध केला नाही. माझी ड्युटी, घरात म्हातारी आई, मागे ती काळी खोली. शिरपूरला शाळा चांगली होती. सुट्टीच्या दिवशी मी तिला भेटायला जायचो. ती मंदिराकडच्या रस्त्यानं माझ्यासोबत स्टँडपर्यंत चालत यायची. बोलायची ते शाळेचं, मैत्रिणींचं, मामाच्या सोयाबीनचं. घराचं नाव काढायची नाही, आईचंही नाही. साळा मला ओसरीवर बसायला सांगायचा, पाणी द्यायचा आणि शेतात निघून जायचा.

आईनं विहारात जाणं सोडलं. बाया पाण्यावर, दुकानात तिच्याकडे बघून गप्प व्हायच्या. तिनं मला कधी सांगितलं नाही, मी दुसऱ्यांकडून ऐकलं. ती दिवसभर पडवीत बसून राहायची.

परीक्षा संपल्यावर पोरगी मला स्टँडवर म्हणाली, “बाबा, मले घरी याचं हाये.”

“मामानं काई म्हटलं काय?”

“नाई. मामी-मामा चांगले हायेत. मले माह्या घरी याचं हाये.”

मी हो म्हणालो. गाडीत बसलो आणि मला त्या खोलीची आठवण झाली. पोरगी येणार, आणि तिला त्या दाराची कडी रोज दिसणार. किंवा कधी कडी काढून ती आत जाणार. तेव्हा ठरवलं, आता भिंतीचं काहीतरी करायचं.

कारंज्याला गाडी थांबते तेवढ्या वेळात मी बाजारातल्या एका रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदार वयस्कर, जैन, कपाळावर टिळा. त्यानं मला बसायला स्टूल दिलं.

“उघड्या विटांची भिंत आहे,” मी म्हणालो. “आतली. धुरानं काळी झाली.”

“चुलीचा धूर का?”

“आग लागली होती.”

त्यानं माझ्या खाकी कपड्यांकडे बघितलं आणि पुढचं काही विचारलं नाही. मग सांगू लागला. दोन रस्ते होते. एक म्हणजे पेंट. आधी प्रायमर, मग रंगाचे दोन हात. वीट दिसणार नाही, काळंही दिसणार नाही. दुसरा म्हणजे पातळ रंग, पाण्यासारखा. तो विटेच्या वर बसत नाही, पोटात मुरतो. विटा विटांसारख्याच दिसतात, फक्त रंग एकसारखा आणि गडद होतो.

“पेंट म्हणजे अंगावर कपडा,” तो म्हणाला. “आवडला नाही तर खरवडून काढता येतो, दुसरा देता येतो. हा दुसरा रंग म्हणजे हळद लागली समजा. एकदा मुरला की निघत नाही. आणि एक सांगतो, हा काही झाकत नाही. काजळी धुतली नाही तर काळं ते काळंच राहील, लाल ते लाल.”

“कोणता घ्यावा?”

“ते तुम्हालाच ठरवावं लागेल भाऊ. राहायचं तुम्हाला आहे.”

मी दोन्हींचे छोटे डबे घेतले. परत गाडीवर चढलो. डबे सीटच्या खाली ठेवले होते, खड्डा आला की एकमेकांवर आपटायचे.

सुट्टीच्या दिवशी कडी काढली. आतून अजूनही वास येत होता, जळलेल्या प्लास्टिकचा आणि दुसऱ्या कशाचा तरी. ओट्याच्या बाजूची भिंत खालपासून छतापर्यंत काळी होती. बाकीच्या भिंती करड्या. आई माझ्या मागून आत आली. मी म्हटलं, “तू नको येऊ.” ती म्हणाली, “एकटा कायले घासतं?” तिनं पदर खोचला. आम्ही सोड्याचं गरम पाणी आणि तारेचा ब्रश घेऊन भिंत घासली. काळं पाणी उंबऱ्यावरून परसात वाहत होतं. शेजारची बाई कुंपणाजवळ येऊन बघून गेली. आई तिच्याकडे न बघता घासत राहिली.

वरची काजळी निघाली. पण विटांच्या आत गेलेली निघाली नाही. वाळल्यावर काळ्या-तपकिरी ढगासारखी एक खूण ओट्याच्या वर उरली.

मी एका कोपऱ्यात हातभर पेंट लावून पाहिला. दुसऱ्या बाजूला हातभर पातळ रंग. पातळ रंग लागला तिथं विटा नुकत्या भिजवल्यासारख्या लाल दिसल्या, भिंत नवी असताना तिनं पाणी मारलेल्या दिवसांसारख्या. काळं होतं तिथं काळंच राहिलं, पण लालात मिसळून थोडं शांत झालं. वाळल्यावर मी त्या तुकड्यावरून हात फिरवत राहिलो. पेंटचा तुकडा दोन-चार दिवस पांढराफेक होता, मग त्यातून आतली काजळी चहाच्या डागासारखी पिवळी वर आली. मी घाईत प्रायमर न लावता पेंट दिला होता, म्हणून.

“झाक लेका,” आई म्हणाली. “नीट झाक. चांगलं अस्तर देऊन झाक.”

“तिनं निवडलेल्या विटा हायेत, माय.”

“तुले विटा दिसतात,” ती म्हणाली. “मले दुसरं दिसते.”

आमचं ठरलं नाही. तशातच एका सकाळी साळा पोरीला मोटारसायकलवर घेऊन आला. तिची बॅग, पुस्तकांची पिशवी, मामीनं दिलेलं लोणचं. पोरगी आजीच्या पाया पडली. आईनं तिचा भाजलेला हात हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि गालाला लावला. साळा चपला न काढता अंगणात उभा होता. मी म्हटलं, “ये, बस.” त्याची नजर मागच्या उघड्या दाराकडे गेली.

तो तसाच आत गेला. मी त्याच्या मागे गेलो. घासलेली भिंत, दोन रंगांचे दोन तुकडे, खाली ब्रश आणि डबे. त्यानं सगळं बघितलं.

“पुसून राह्यले?” तो म्हणाला.

“पोरगी आली. तिनं हे कसं पाहाचं?”

“तिनं पाहाचं नाई, का गावानं पाहाचं नाई?” त्याचा आवाज चढला. “माह्या बहिणीचं एवढंच त उरलं व्हतं इथं. थेबी घासून नालीत सोडलं. आता वरून रंग देऊन टाका. झालं. कोणाले काई इचारायचं कामच नाई.”

आई दारात आली होती. तो तिच्याकडे वळला. “तुमीच घासलं काय? तुमाले त लय घाई असन.”

आईनं चौकटीला हात टेकला. मी साळ्याचा दंड धरला, त्यानं झटकला. मला वाटलं आता हातघाई होणार. तेवढ्यात आईच्या मागून पोरीचा आवाज आला.

“मामा, आजीले काई म्हणू नका. आजी न्हाणीत व्हती.”

“तू जा तिकडं. तुले काय माहीत? तू झोपली व्हती.”

“नाई. मी उठली व्हती.”

ती उंबऱ्याच्या अलीकडेच थांबली. आत आली नाही. दाराच्या बाहेरच्या बाजूला, चौकटीजवळ, वितळून वाकडा झालेला विजेचा बोर्ड अजून तसाच लटकत होता. ती त्याच्याकडे बघत होती.

“लाईट म्या लावला,” ती म्हणाली.

ती बोलत राहिली. एकदा सुरू झाल्यावर थांबता येत नसावं तशी.

“मले जाग आली. आई आत व्हती. अंधार व्हता. मले वाटलं, आई अंधारात काय करून राह्यली. म्या भाईरून बटन दाबलं. आई म्हणत व्हती, थांब, थांब. मले आयकू नाई आलं.” मग खालच्या आवाजात म्हणाली, “आयकू आलं. पन हात आंधीच गेल्ता.”

“पन तिनं त सांगतलं, काडी...” साळा म्हणाला.

“आईनं मले दवाखान्यात सांगतलं. माही खाट तिच्या जवळच व्हती तवा. म्हणे, म्या काडी ओढली, असंच सांगणार हाये. तूबी तसंच सांग. कोणालेबी दुसरं सांगू नको. बाबालेबी नाई. मंग थे साहेब आले.”

साळा भिंतीला पाठ लावून खाली बसला. शर्टाच्या पाठीला उरलेली काजळी लागली, त्याला कळलं नाही. मग म्हणाला, “पाणी द्या.” माझी आई गेली, माठातलं पाणी लोट्यात घेऊन आली आणि त्याच्यासमोर धरलं. त्यानं घेतलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

मी पोरीला धरून पुढच्या खोलीत नेलं. ती रडत नव्हती. मी तिला सांगितलं, की वायू एवढा भरला होता की कशानंही पेटलाच असता. फ्रिजनं पेटला असता, चपलेच्या खिळ्यानं पेटला असता. मी हे ऐकलं होतं कुठंतरी. ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, “पन बटनानं पेटला, बाबा.”

त्या दिवशी मला राग आला. पोरीचा नाही, साळ्याचाही नाही. माझ्या मेलेल्या बायकोचा. पोरीच्या डोक्यावर तिनं एवढी मोठी गोष्ट ठेवली आणि त्यावर गप्प राहण्याचं झाकण ठेवलं. मला का नाही सांगितलं? मी काय केलं असतं? माझ्या आईनं त्या खोटेपणापायी गावाच्या नजरा झेलल्या, विहार सोडला. हे तिला दवाखान्यात कसं कळणार होतं? तिला त्या खाटेवरून फक्त शेजारच्या खाटेवरचं लेकरू दिसत होतं. मला हे समजतं. तरी राग आला, आणि अजूनही अधूनमधून येतो. तो ज्याच्याजवळ बोलावा असं माणूस मला सापडलं नाही.

साळा संध्याकाळपर्यंत थांबला. जाताना पोरीला जवळ घेऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. मोटारसायकल सुरू करून त्यानं पुन्हा बंद केली आणि मला म्हणाला, “भाऊजी, हे कोणाले सांगायचं?”

“कोणालेच नाई.”

“मंग गाव मावशीले...” तो माझ्या आईकडे बघून अडकला.

आई पडवीतून म्हणाली, “गावाचं मी पाह्यतो. पोरीचं नाव निघालं नाई पाह्यजे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरीला विचारलं. म्हटलं, भिंतीचं ठरायचं आहे. एका रंगानं विटा दिसतात, पण काळी खूणही राहते, आणि तो रंग पुन्हा निघत नाही. दुसऱ्यानं सगळं झाकलं जातं. ती दारापर्यंत आली. या वेळीही आत आली नाही. तिथूनच दोन्ही तुकडे बघितले.

“तुमाले कोणता आवडला?”

मी खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. “मले विटा ठेवावं वाटते. तुह्या आईनं एक एक वाजवून घेतल्या.”

तिचा भाजलेला हात तिनं दुसऱ्या हातात धरला होता.

“झाका, बाबा,” ती म्हणाली.

मी तिला पुन्हा विचारलं नाही.

साळा पुढच्या सुट्टीला स्वतःहून आला, जुने कपडे घालून. आम्ही दोघांनी पेंटचा पिवळा पडलेला तुकडा खरवडला, पातळ रंगाच्या तुकड्यासकट सगळ्या भिंतीला प्रायमर दिलं. पोरीनं दुकानातल्या रंगांच्या कार्डावरून मोतिया रंग निवडला होता. पहिल्या हाताला वीट रंग पिऊन टाकत होती, डब्याचा तळ दिसू लागला तरी भिंत फिकट लालच. दुसऱ्या हाताला लाल गेलं. ओट्याच्या वरचा भाग मी शेवटी ठेवला होता. साळ्याला ते कळलं असावं, कारण तो ब्रश धुवायच्या निमित्तानं बाहेर गेला. मी ब्रश फिरवला. गिलावा नसल्यामुळे रंगाखालूनही विटांच्या कडा, मधल्या रेघा दिसतच राहिल्या, पण त्या आता कोणत्याही भिंतीच्या असाव्यात तशा दिसत होत्या. हात थांबवून मी थोडा वेळ तिथं उभा राहिलो. मग उरलेलं केलं.

वायरमननं बोर्ड नवा लावला. पोरगी आता स्वयंपाकघरात जाते. लगेच नाही गेली. आधी आजीच्या मागे मागे, मग भांडी ठेवायला, मग भाजी चिरायला. गॅस आम्ही पुन्हा घेतला, कारण पावसाळ्यात आईला चुलीपुढे बसवेना. शेगडी पेटवायचं काम मात्र अजून आईचं किंवा माझं. पावसात ओट्याच्या वरच्या कोपऱ्यात एक पिवळी खूण पुन्हा उमटली. मी डबा शोधत होतो तर कळलं, पोरीनं आधीच त्यावर ब्रश फिरवला होता. तिनं ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गावानं जे बोलायचं ते बोलणं हळूहळू कमी झालं. बंद झालं असं नाही. साळा येऊ-जाऊ लागला, पडवीत बसून आईच्या हातची भाकरी खाऊ लागला, तसं लोकांनी आपलं आपण काहीतरी ठरवलं असणार. आई विहारात जायला लागली. साळ्यानं तिची माफी मागितली का, मला माहीत नाही. माझ्यासमोर तरी नाही. पण तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा अकोल्याला तिच्या उशाशी तोच बसून होता. मला रजा मिळाली नव्हती.

पोरीला मी दवाखान्यातल्या समुपदेशन करणाऱ्या बाईंकडे नेलं. सुरुवातीला ती तिथं एक अक्षर बोलायची नाही. आता जाते. काय बोलते, ते मी विचारत नाही. रात्री नीट झोपत नाही, एवढं मला तिच्या डोळ्यांवरून दिसतं.

ती तालुक्याला, मालेगावच्या शाळेत जाते, माझी अकोल्याची ड्युटी असली की माझ्याच गाडीनं. माझ्या मागच्या सीटवर बसते. परवा गाडीत गर्दी नव्हती. तिनं जाळीजवळ तोंड आणून विचारलं, “बाबा, आई खोटं बोलली, थे बरं केलं काय?”

समोर ट्रॅक्टर होता, मी त्याच्या मागे गाडी हळू चालवत होतो.

“मले नाई माहीत,” मी म्हणालो.

“मलेबी नाई,” ती म्हणाली.

मालेगावचा स्टँड आला. ती उतरली, पिशवी खांद्यावर घेतली, मैत्रिणींच्या घोळक्यात गेली. कंडक्टरनं घंटी दिली आणि मी गाडी काढली.